वरातीमागून रिपोर्ट

थंडीच्या दिवसांत पहाटे साडेपाचला उठून मोबाइलवर एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बघणाऱ्या माणसाला डोंबिवलीत, स्वतःच्या घरात, काडीची किंमत नसते. बायको म्हणते, जागाच आहेस तर दूध तरी बघ. मी बघतो. एक डोळा पातेल्यावर, एक डोळा क्लीव्हलंडवर. ३ जानेवारी २०२३ च्या सकाळी (तिकडे अजून २ तारखेची रात्र होती) दूध उतू गेलं, ८:१९ ची लोकल गेली आणि डोकं जे फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही. दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या मॅचनंतर ते पुन्हा फिरतं, म्हणून आज एकदाचं ओकून टाकतो.

क्लीव्हलंड कॅव्हेलियर्स विरुद्ध शिकागो बुल्स. कॅव्हेलियर्स एका टप्प्यावर २१ गुणांनी मागे. त्यांच्या डोनोव्हन मिचेलचे हाफटाइमला १६ गुण. बरे आहेत, पण अंगावर काटा यावा असं काही नाही. मग त्या माणसाच्या अंगात आलं. डावीकडून, उजवीकडून, दोघं अंगावर असताना, जिथून टाकेल तिथून आत. शेवटचे ४.४ सेकंद उरलेत, शिकागो १३०, क्लीव्हलंड १२७, आणि मिचेल दोन फ्री थ्रोंसाठी (फाउलबद्दल मिळणारे, एकेका गुणाचे मोकळे फेके) रेषेवर. पहिला आत. आता दोनाचा फरक. दुसरा आत घातला तरी एकाने हरणार, म्हणून तो मुद्दाम चुकवायचा, रिबाउंड, म्हणजे उसळून आलेला चेंडू, मिळवायचा आणि तिथल्या तिथे बास्केट करायचं. हे कागदावर सोपं, प्रत्यक्षात शंभरात दोनदा जमलं तर नशीब. त्यानं चुकवला, स्वतःच आत घुसला, स्वतःच चेंडू उचलला आणि अंग वाकडं करून टाकला. १३०-१३०. तीन सेकंद बाकी. दूध गेलं ते इथे.

ओव्हरटाइममध्ये त्यानं आणखी १३ ठोकले. एकूण ७१, वर ११ असिस्ट (ज्यांवर सहकाऱ्यांनी बास्केट केलं असे पास). क्लीव्हलंड १४५, शिकागो १३४. जानेवारी २००६ मध्ये कोबी ब्रायंटनं टोरँटोला ८१ मारले होते, त्यानंतर इतके गुण कुणीच केले नव्हते. मी ओटा पुसता पुसता नाचत होतो. लोकल गेल्याचंही काही वाटलं नाही.

रात्री जेवून मोबाइल उघडला तर लीगचा रिपोर्ट आलेला. ‘लास्ट टू मिनिट रिपोर्ट’ म्हणतात त्याला. मार्च २०१५ पासून निघतो. सामना अटीतटीचा झाला की शेवटच्या दोन मिनिटांतली प्रत्येक शिट्टी, आणि न वाजलेली शिट्टीसुद्धा, लीगचे लोक दुसऱ्या दिवशी तपासतात आणि बरोबर की चूक ते जाहीर करतात. त्यात लिहिलं होतं: मिचेलनं दुसऱ्या फ्री थ्रोला लेन व्हायोलेशन केलं होतं. चेंडू रिंगला लागायच्या आत त्याचा पाय रेषेपलीकडे गेला होता. शिट्टी वाजायला हवी होती. वाजली नाही.

झालं. विषय संपला. लीगच्या दृष्टीनं.

अरे, विषय संपला कसा? जरा बोटं मोडून हिशेब करा. शिट्टी वाजली असती तर ते बास्केट रद्द. चेंडू शिकागोकडे, स्कोअर १३०-१२८, घड्याळात चारेक सेकंद. त्या क्षणी मिचेलचे ५८ नव्हे, ५६. ओव्हरटाइमची वेळ बहुतेक आलीच नसती, म्हणजे ते १३ गुण जन्मालाच आले नसते. थोडक्यात, ७१ मधले १५ गुण झाले ते एका न वाजलेल्या शिट्टीच्या कृपेनं, आणि हे मी म्हणत नाही, लीगनं स्वतःच्या कागदावर लिहून दिलंय. आणि रेकॉर्डच्या पानावर? ७१. साधी फुली नाही, तारा नाही, तळटीप नाही.

मिचेलवर माझा शून्य राग आहे. त्यानं जे केलं ते कुठल्याही खेळाडूनं केलंच असतं. पाय रेषेपलीकडे गेला तर बघायचं काम त्याचं नाही. गंमत म्हणजे मॅचनंतर त्याला उत्तेजक चाचणीचं बोलावणं आलं. रँडम म्हणे! ७१ केल्यावर रँडम. माणसाची लघवी तपासायची तत्परता आहे, पाय बघायची नाही.

पंचांवरही तितकासा राग नाही. तीन पंच, दहा दांडगे धावताहेत, चार सेकंदांचा खेळ, डोळ्यांतून सुटतं. मी शिट्टी हातात घेतलेली आहे, मला माहितीय. माझं डोकं फिरतं ते त्या कबुलीनं. रुबाबात, तक्ता करून, प्रत्येक रकान्यात ‘बरोबर’, ‘चूक’ असं लिहून, वर व्हिडिओ जोडून सांगायचं की होय, आम्ही तुमचा खिसा कापला, हा बघा खिसा कापतानाचा व्हिडिओ. पैसे? पैसे नाही मिळणार. पारदर्शकता मिळाली ना, मग झालं! आपल्याकडे याला बैल गेला अन् झोपा केला म्हणतात. यांनी तर झोपा बांधून त्याचं उद्घाटनही केलं.

आणि फक्त शेवटचीच दोन मिनिटं का हो? आधीच्या ४६ मिनिटांत जी ढापाढापी झाली तिचे गुण काय अर्ध्या किमतीचे असतात?

बरं, ही दोन मिनिटं तरी दोन मिनिटं असतात का? घड्याळात दोन मिनिटं उरली की मी चहा ठेवतो, पितो, दाढी करतो, तरी एक मिनिट चाळीस सेकंद शिल्लक. टाइमआउट. फाउल. फ्री थ्रो. पुन्हा टाइमआउट. मग चेंडू शेवटी कुणाच्या नखाला लागून बाहेर गेला हे बघायला पंच मॉनिटरपाशी जाणार, कानाला हेडफोन लावणार आणि न्यू जर्सीतल्या सीकॉकसला रिप्ले सेंटरशी गप्पा मारणार. तिथे २०१४ पासून भिंतभर स्क्रीन लावून माणसं बसवलीत. नख दिसतं त्यांना. अख्खा पाय रेषेपलीकडे गेलेला दिसत नाही.

त्याच महिन्यात बॉस्टन. आपल्याकडे २९ जानेवारी, रविवार, सकाळी पोहे. लेकर्सच्या लेब्रॉन जेम्सचे ४१ गुण, स्कोअर १०५-१०५, शेवटची चढाई. लेब्रॉन डाव्या हातानं लेअप टाकतोय आणि बॉस्टनचा जेसन टेटम त्याच्या हातावर सरळ फटका मारतो. फटका! डोंबिवलीत बसून सहा इंचाच्या स्क्रीनवर मला दिसला. शिट्टी नाही. लेब्रॉन गुडघ्यांवर कोसळला. लेकर्सचाच पॅट्रिक बेव्हर्ली तर फोटोग्राफरचा कॅमेराच घेऊन पंचांकडे गेला, की बघा, इथे फोटो आहे. त्याला काय मिळालं? टेक्निकल फाउल. पुरावा दाखवला म्हणून दंड. ओव्हरटाइममध्ये लेकर्स १२५-१२१ हरले.

आणि दुसऱ्या दिवशी पंचांच्या संघटनेनं जाहीर केलं की होय, चूक झाली, आम्हाला आतड्याला पीळ पडल्यासारखं झालंय, आता रात्ररात्र झोप लागणार नाही. लागू नये! माझी पहाटे पाचलाच उडालेली असते. नऊ-दहा दिवसांनी, ७ फेब्रुवारीला, लेब्रॉननं करीम अब्दुल जब्बारचा कारकिर्दीतल्या ३८,३८७ गुणांचा विक्रम मोडला. त्याला वाचलेल्या-बुडालेल्या एखाद-दोन फ्री थ्रोंनी काही फरक पडला नाही, पण लेकर्सच्या त्या पराभवाचं काय? तो तसाच.

आता कुणीतरी शहाणा म्हणणार, अहो, झालेली नोंद अशी मागाहून कशी बदलणार? खेळ संपला की संपला.

हो का? मग जॅनिस अँटेटोकुम्पोचं काय केलंत?

त्याच सीझनचा मार्च. मिलवॉकी बक्स वॉशिंग्टनमध्ये जिंकल्यात जमा. त्यांच्या जॅनिसला ट्रिपल डबलसाठी (गुण, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दोन आकडी) एक रिबाउंड हवा होता. मॅच संपता संपता पठ्ठ्यानं चेंडू नुसता रिंगवर आपटला आणि स्वतःच झेलला. दहावा रिबाउंड, ट्रिपल डबल! मुलं गल्लीत करतात तसला चावटपणा, मान्य. लीगनं काय केलं? दुसऱ्या दिवशी टेप बघितली, हा शॉटच नव्हता म्हणाले, आणि रिबाउंड काढून घेतला. दहाचे नऊ. ट्रिपल डबल गायब. एका दिवसात!

म्हणजे येतं. नोंद बदलता येते. टेप बघता येते, पेन चालवता येतं, आणि आभाळ कोसळत नाही. एक बिनकामाचा रिबाउंड, ज्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं, तो खोडला. पण ज्या बास्केटनं अख्खी मॅच फिरली, जे तुम्हीच चूक ठरवलंत, ते पवित्र. त्याला हात लावायचा नाही.

बरं, मॅचसुद्धा फिरवता येते. डिसेंबर २००७ मध्ये अटलांटात मायामीच्या शकील ओनीलला सहावा फाउल झाला म्हणून ओव्हरटाइममध्ये ५१.९ सेकंद बाकी असताना बाहेर काढलं. प्रत्यक्षात तो त्याचा पाचवाच होता, टेबलवरच्या लोकांनी दुसऱ्याचा फाउल त्याच्या नावावर मांडला होता. मायामीनं तक्रार केली, लीगनं मानली, अटलांटाला ५०,००० डॉलर दंड केला आणि ते ५१.९ सेकंद पुन्हा खेळवले. कधी? ८ मार्च २००८ ला. तोवर ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो शकीलच फीनिक्सला विकला गेला होता. आणि त्या ५१.९ सेकंदांत कुणालाही एकही गुण करता आला नाही. अटलांटा ११४-१११ नं जिंकलं. विनोदच आहे, पण निदान केला तरी. टेबलवरच्या कारकुनाची चूक झाली तर दाद मागता येते. पंचाला दिसलंच नाही तर मागता येत नाही. न वाजलेल्या शिट्टीला अपील नाही.

टेबलवरून आठवलं. कॉलेजात असताना एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी स्कोअरशीटवर बसलो होतो. बाहेर ऊन, हातात घाम, आणि पंचानं बोटांनी दाखवलेला १४ नंबर मी १५ वर लिहिला. पंधरा नंबरचा पाचवा फाउल झाला (आमच्या स्पर्धेत पाचव्यालाच बाहेर), पोरगं बाहेर. त्यांचे सर टेबलवर असे हात आपटत आले की पेनाचं टोपण उडालं. पंच आले, शीट बघितली, दोन्ही कॅप्टनना बोलावलं, माझ्याकडे असं बघितलं की जमीन दुभंगावी, आणि लाल पेनानं खोडून बाजूला सही केली. पोरगं परत आत. चार मिनिटं गेली असतील. समोरची टीम बोंबलली, दोन मिनिटांनी विसरली. फाटक्या जाळीच्या सिमेंटच्या कोर्टवर जे जमतं ते अब्जावधी डॉलरवाल्यांना जमत नाही. त्यांना दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहायला जमतो.

रेकॉर्ड म्हटलं की फिलाडेल्फियाच्या विल्ट चेंबरलेनचे एका मॅचमधले १०० काढणारेही भेटतात. २ मार्च १९६२, हर्शी, पेनसिल्व्हेनिया. त्या मॅचचं चित्रीकरणच नाही. शेवटी शेवटी न्यूयॉर्कवाले चेंडू त्याच्याकडे जाऊ नये म्हणून इतरांना मुद्दाम फाउल करत होते आणि फिलाडेल्फियावाले चेंडू परत मिळवायला न्यूयॉर्कवाल्यांना. तमाशा होता तो. एरवी फ्री थ्रोत रडणाऱ्या विल्टचे त्या दिवशी ३२ पैकी २८ आत गेले. पण तिथे ‘ही शिट्टी चुकली’ असं सही-शिक्क्यानिशी कुणी लिहून ठेवलेलं नाही. ज्याला मानायचं त्यानं मानावं, ज्याला हसायचं त्यानं हसावं. मिचेलच्या ७१ चं दुखणं वेगळंच आहे, तिथे कबुलीजबाब फाइलला लावून ठेवलाय.

माझा आतेभाऊ शिकागोजवळ नेपरव्हिलला असतो. जॉर्डनच्या काळापासून बुल्सचा वेडा. त्याला त्या रात्री फोन केला.

“काय रे, रिपोर्ट वाचलास?”

“वाचला ना दादा. सॉरी म्हणालेत.”

“मग?”

“मग काय, सॉरीला विन-लॉसमध्ये रकाना नाहीये.”

सीझन संपला तेव्हा बुल्स ४० विजय, ४२ पराभव, पूर्व विभागात दहावे. टोरँटो ४१-४१, नववे. ती एक मॅच मिळाली असती तर बरोबरी होती. दहावे म्हणून प्ले-इनला (प्लेऑफमध्ये शिरायच्या पात्रता सामन्यांना) टोरँटोच्या घरी जावं लागलं. तिथे बुल्सच्या डिमार डिरोझनच्या लेकीनं टोरँटोच्या प्रत्येक फ्री थ्रोला अशी काही किंकाळी फोडली की त्यांनी ३६ पैकी १८ घालवले आणि बुल्स १०९-१०५ जिंकले. त्या पोरीनं एका रात्रीत बुल्सना जेवढा न्याय मिळवून दिला तेवढा लीगच्या अख्ख्या रिपोर्टनं दिला नाही. पुढे मायामीत हरलेच, ती गोष्ट वेगळी.

तर त्या जानेवारीत आतेभावानं वैतागून तो रिपोर्ट आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. ग्रुपवर बास्केटबॉल कुणाला कळत नाही. पण वर लीगचा लोगो, खाली व्यवस्थित तक्ता, शेजारी त्याचं नाव.

आत्यानं लगेच लिहिलं, “अभिनंदन बाळा.”