रविवार आला की पोटात गोळा येतो
आमच्या बाल्कनीतून नंदा तळं दिसतं. सकाळी चहा घेऊन उभं राहावं, तरंगत्या पानांवरून कमळपक्षी टाकत चाललेला असावा लांब लांब पावलं... गोव्यातल्या कुडचड्यात घर घेतलं ते याचसाठी. पण दर रविवारी संध्याकाळी काठावर गाड्या लागतात, दारं सताड उघडी, गाणी ठणाणा! अडई बदकांचा थवा भर्रकन उठतो तो परत बसतच नाही. सोमवारी मी पिशवी घेऊन जाते. काल 11 बाटल्या, दोन फुटलेल्या. याच पाण्यावर मानशीखाली, म्हणजे पाणी अडवायच्या दारांखालच्या शेतात, भात पिकतं, तिथे माणसं अनवाणी उतरतात हो! 2022 साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेलं गोव्यातलं हे पहिलं पाणथळ. तळ्यासोबत सेल्फी काढता, मग बाटली तेवढी घरी नेववत नाही?