फॉरेन टेबल म्हणजे कॉपी नव्हे
सध्या एक मेसेज फिरतोय की पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये फॉरेन टेबल (बाहेरच्या डेटाकडे बोट दाखवणारं टेबल) केलं की समोरच्या सर्व्हरचा सगळा डेटा आपल्याकडे कॉपी होतो. अहो, असं काही नसतं! आपल्याकडे फक्त कॉलमची नावं, टाइप आणि पत्ता राहतो, डेटा तिकडेच, क्वेरी मारली की तेव्हा येतो. आणि दरवेळी अख्खं टेबल ओढलं जातं हेही अर्धवटच, पोस्टग्रेस_एफडीडब्ल्यू (दुसऱ्या पोस्टग्रेस सर्व्हरशी जोडून देणारा जोडभाग) साधी व्हेअर अट, म्हणजे कुठल्या ओळी हव्यात ते, तिकडेच पाठवतो, आवृत्ती ९.६ पासून एकाच सर्व्हरवरच्या टेबलांचे जॉइनसुद्धा, १० पासून सम-काउंट म्हणजे बेरीज-मोजणीही. हां, अटीत स्वतःचं फंक्शन घातलंत तर मात्र सहसा ओळी इकडे येऊन मग गाळल्या जातात. खात्री करायचीय? क्वेरीच्या आधी एक्सप्लेन व्हर्बोज लावून चालवा, ‘रिमोट एसक्यूएल’ची ओळ वाचा, तिकडे काय पाठवलं ते दिसेल. फाइल_एफडीडब्ल्यूचं (सर्व्हरऐवजी फाइल टेबलासारखी दाखवणाऱ्या जोडभागाचं) वेगळं, तो बिचारा दरवेळी पूर्ण फाइल वाचतो.