आत १५ अँपिअर, बाहेर २२ : ‘जुना वायरमन’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार वायरमनकाका,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी ट्रान्स-हार्बरच्या गाडीत परत वाचली. उत्तर तिथेच उभ्याउभ्या लिहायला घेतलं होतं, पण रबाळे आलं. आता जेवणाच्या सुट्टीत नीट लिहितो.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मागचा संदर्भ. १५ किलोवॅटची मिक्सरची मोटर, नेमप्लेटवर २७ अँपिअर, ड्राइव्हवर (म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या व्हीएफडीवर) ३० हर्ट्झला चालते आहे. ड्राइव्हच्या आउटपुटला (मोटरकडे) २२ अँपिअर आणि इनपुटला (सप्लायकडून) १५. असं दिसलं तर घाबरू नका, दोन्ही आकडे खरे असू शकतात, असं मी गेल्या लेखात म्हटलं होतं. त्यावर काका लिहितात : “वागळे इस्टेटमध्ये बत्तीस वर्षं पॅनल केले. जेवढं आत जातं तेवढंच बाहेर येतं हे शाळेतल्या पोरालाही कळतं. तशाच मोटरवर माझ्या टाँग टेस्टरने (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) तर इनपुटला ११च दाखवले. म्हणजे ड्राइव्हचा डिस्प्ले थापा मारतो, नाहीतर तुम्ही. तिन्ही फेजला करंट वेगवेगळा येतो, तरी ड्राइव्हची तरफदारी चालूच. कंपनीवाले किती देतात?”

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. काही देत नाहीत. देत असते तर रबाळ्यापर्यंत लटकत आलो नसतो.

आता मुद्द्याचं. जेवढं आत तेवढं बाहेर, हे शंभर टक्के बरोबर. पण ते किलोवॅटला लागू आहे, अँपिअरला नाही. तुम्ही बत्तीस वर्षांत कितीतरी ट्रान्सफॉर्मर जोडले असतील. एचटी (जास्त व्होल्टेजच्या) बाजूला किती अँपिअर आणि एलटी (कमी व्होल्टेजच्या) बाजूला किती, यावरून कुणी भांडलं होतं का? तिथे व्होल्टेज वेगळं असतं हे आपण गृहीत धरतो. ड्राइव्हमध्येही तेच होतं, फक्त डोळ्याला दिसत नाही. ३० हर्ट्झला ड्राइव्ह मोटरला ४१५ नाही, सुमारे २५० व्होल्ट देतो. २५० व्होल्ट, २२ अँपिअर आणि मोटरचा त्या लोडचा पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी खरं काम करणारा हिस्सा) ०.७८ धरा : साधारण ७.४ किलोवॅट होतात. ड्राइव्हचा स्वतःचा तोटा तीन-चार टक्के, म्हणजे आत ७.७ किलोवॅट यायला हवेत. ते ४१५ व्होल्टला येतात, म्हणून अँपिअर कमी लागतात. बस.

पण एवढ्याने तुमचं समाधान होणार नाही, कारण यात अजून एक पदर आहे. मोटरच्या २२ अँपिअरमध्ये एक हिस्सा नुसता चुंबकत्व टिकवायला लागतो. तो मोटर आणि इन्व्हर्टर (ड्राइव्हचा मोटरकडचा भाग) यांच्यातच, एका फेजमधून दुसऱ्या फेजमध्ये फिरत राहतो. सप्लायला त्याचा पत्ताही नसतो. चाळीत तीन घरांमध्ये साखरेची वाटी फिरायची ना, तसं. आज यांनी दिली, उद्या त्यांनी परत केली. दिवसभर वाट्यांची ये-जा भरपूर, पण वाण्याच्या वहीत त्यातलं काहीच लिहिलेलं नसायचं. तुम्ही इनपुटला टेस्टर लावता तेव्हा वाण्याची वही वाचता.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा. मोटरचं कपलिंग सोडा आणि मोकळी मोटर ३० हर्ट्झला चालवा. (सोडण्याआधी मेन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, ड्राइव्हवर लिहिलेली वेळ जास्त असेल तर तेवढी. ४१५ व्होल्ट सप्लायवर ड्राइव्हच्या आतल्या डीसी बसवर, म्हणजे कपॅसिटरवर, ५८७ व्होल्टच्या आसपास असतात आणि मेन पाडल्या पाडल्या ते जात नाहीत. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण इथे नवी मुलंही वाचतात.) आउटपुटला दहाएक अँपिअर दिसतील. इनपुटला दीड-दोन. तेव्हा ‘जेवढं आत तेवढं बाहेर’ अँपिअरवर बसवून दाखवा, मी लेख काढून टाकतो.

आता तुमचे ११ आणि माझे १५. खरी मजा इथे आहे.

इनपुटला डायोड ब्रिज (एसीचं डीसी करणारा) आहे आणि त्याच्यामागे कपॅसिटर. लाइनचं व्होल्टेज कपॅसिटरच्या वर चढेल तेवढाच वेळ डायोड उघडतात. त्यामुळे करंट सलग येत नाही, घोट-घोट येतो. स्कोपवर (करंटचा आकार दाखवणाऱ्या पडद्यावर) बघाल तर प्रत्येक अर्ध्या सायकलला दोन टेंगळं आणि मध्ये जवळजवळ शून्य. जुना टाँग टेस्टर करंटची सरासरी घेतो आणि त्याला १.११ ने गुणून आकडा दाखवतो. हा गुणक शुद्ध साइन वेव्हसाठी आहे. टेंगळांसाठी तो लागू पडत नाही, आणि चोक (करंटचे झटके पसरवणारी कॉइल) नसलेल्या ड्राइव्हवर पंचवीस-तीस टक्के कमी दिसणं नेहमीचंच. ट्रू आरएमएस (वेव्ह कशीही असली तरी खरा करंट मोजणाऱ्या) टेस्टरने १५ दिसतात तिथे तुमच्या टेस्टरने ११ दाखवले, यात तो बिघडलेला नाही. त्याला जे शिकवलं तेच तो सांगतो.

केबल मात्र त्याचं ऐकत नाही. ती तापते वर्गाच्या हिशोबाने : ११ चा वर्ग १२१, १५ चा २२५. तुमच्या आकड्यावर केबल आणि फ्यूज निवडले तर अंदाजापेक्षा जवळजवळ दुप्पट उष्णता. आणि गंमत बघा, त्याच ड्राइव्हच्या इनपुटला ३ टक्क्यांचा चोक टाका. मोटर तीच, माल तोच, आउटपुटला तेच २२, पण आत १५ चे १२ होतात. टेंगळं पसरट झाली, एवढंच. म्हणून इनपुटच्या अँपिअरवरून मोटरवर लोड किती आहे हे सांगू नये.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात (नाव नको) अशाच एका मिक्सरसाठी बोलावलं होतं. माल घट्ट झाला की मोटर गरम होते, अशी तक्रार. मिक्सर १५ हर्ट्झला फिरत होता. मी इनकमरला (पॅनलमध्ये सप्लाय येतो तिथे) टेस्टर लावला, माझ्याकडेही तेव्हा सरासरीवालाच होता. ९ अँपिअर. नेमप्लेटवर २७. मी सुपरवायझरला ऐटीत सांगितलं, “मोटर एक तृतीयांश लोडवर पण नाही. बेअरिंग बघा.” चहा घेतला आणि निघालो. तिसऱ्या दिवशी फोन आला. गेलो तर टर्मिनल बॉक्स उघडण्याआधीच जळक्या वार्निशचा वास दारापर्यंत आला होता. रिवाइंडिंगवाल्याने वाइंडिंग बाहेर काढलं तेव्हा तिन्ही फेज सारखेच काळे. म्हणजे सिंगल फेजिंग (एक फेज तुटणं) नाही, शॉर्ट नाही, सरळ ओव्हरलोड.

नंतर नवीन मोटर लावून त्याच मालावर बघितलं, तर ड्राइव्हच्या डिस्प्लेवर आउटपुटला ३४ अँपिअर. आधीही तेवढेच जात असणार, पण डिस्प्ले कायम हर्ट्झवर ठेवलेला होता आणि मी बटण दाबायची तसदी घेतली नव्हती. १५ हर्ट्झला व्होल्टेज सव्वाशे-दीडशेच्या मध्ये कुठेतरी, म्हणून आत जेमतेम सहा किलोवॅट जात होते. खरे १२ अँपिअर, आणि माझ्या टेस्टरला ९. त्यात मोटरचा पंखा शाफ्टवरच, १५ हर्ट्झला तो वारा घातल्यासारखं करतो. ड्राइव्ह ट्रिप का झाला नाही? ड्राइव्ह एक साइझ मोठा होता, ३७ अँपिअरचा, आणि मोटर करंटच्या पॅरामीटरमध्ये कुणीतरी फॅक्टरीतून आलेले ३७ तसेच ठेवले होते. तिथे नेमप्लेटचे २७ भरले असते तर ड्राइव्हनेच मोटर वाचवली असती. इनकमरला ओएलआरही (ओव्हरलोड रिले) होता बरं का, २७ वर सेट केलेला. तो बिचारा १२ बघत बसला होता.

तेव्हा काका, इनपुट-आउटपुटचा तो लेख मी हौसेने नाही लिहिला.

आता तुमच्या बाजूचं. एका ठिकाणी तुम्ही मला बरोबर पकडलंत, कदाचित तुमच्याही लक्षात न येता. “डिस्प्ले आणि टेस्टर आउटपुटलाही जुळत नाहीत” असं तुम्ही ओघात लिहिलं आहे. मी लेखात ‘आउटपुटला कुठलाही टेस्टर चालतो’ असं सरसकट लिहून टाकलं होतं. ते चुकलं. ड्राइव्हचं आउटपुट व्होल्टेज कापलेलं असतं, काही हजार हर्ट्झच्या तुकड्यांचं, पण मोटरच्या इंडक्टन्समुळे करंट बराचसा गुळगुळीत साइन होतो, एवढ्यापर्यंत माझं बरोबर. मात्र साधा टाँग टेस्टर म्हणजे आत एक सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर), आणि तो ५०-६० हर्ट्झसाठी बनलेला असतो. फ्रिक्वेन्सी खाली गेली की त्याचा दम संपतो. सोमवारी मुद्दाम लावून पाहिलं. ३० हर्ट्झला डिस्प्ले २२.१, हॉलवाला टेस्टर (डीसी अँपिअर मोजणारा) २१.८, जुना टेस्टर २१.३. ठीक आहे. मग ६ हर्ट्झवर आणलं : डिस्प्ले २१, हॉलवाला २०.७, आणि जुना १४ वर येऊन आकडा नाचवत बसला. पंधरा-वीस हर्ट्झच्या खाली हॉलवालाच घ्या, किंवा सरळ डिस्प्ले वाचा. डिस्प्लेलाही आकडा आतल्या करंट सेन्सरकडूनच मिळतो, आणि ड्राइव्ह स्वतःचे आयजीबीटी (व्होल्टेज कापणारे आतले स्विच) वाचवायला त्याच सेन्सरवर अवलंबून असतो, त्यामुळे तिथे थापा मारून त्याला परवडणार नाही. मूळ लेखातलं वाक्य आज बदललं आहे.

लांब केबलवर अजून एक फरक येतो. केबलच्या कपॅसिटन्समधून थोडा करंट अर्थकडे गळतो, म्हणून ड्राइव्हजवळ मोटरपेक्षा जास्त दिसतो. १५ किलोवॅटला नगण्य. लहान मोटर आणि शंभर मीटर केबल असेल तर मात्र डोकं खातं.

राहिला तिन्ही फेजचा प्रश्न. तुम्ही कुठे मोजलेत ते लिहिलं नाही, पण आकडे १९, १४, ९ आहेत म्हणजे इनपुटलाच असणार. डायोड ब्रिजला ज्या दोन लाइनमध्ये व्होल्टेज जास्त, तिथूनच तो ओढतो. सप्लायमध्ये एक-दोन टक्क्यांचा फरक असला तरी करंटमध्ये तो कितीतरी पटींनी फुगून दिसतो, आणि लोड हलका असेल तर अजूनच. याला ड्राइव्ह खराब म्हणता येत नाही. आउटपुटला असा फरक दिसला असता तर मीच तुम्हाला म्हटलं असतं की मोटर, केबलचं टर्मिनेशन आणि मग ड्राइव्ह, या क्रमाने बघा.

पुढच्या वेळी इनपुटचे अँपिअर घ्याल तेव्हा आर-वाय, वाय-बी, बी-आर अशी फेजच्या जोड्यांची तिन्ही व्होल्टेज त्याच मिनिटाला घेऊन ठेवा, आणि चोक आहे की नाही तेही कळवा. आकडे इथेच टाका, मी हिशोब मांडून दाखवतो.