‘आकडा बदलला, बाकी सगळं तेच’ म्हणणाऱ्यांसाठी

एक मेसेज सध्या गटागटांतून फिरतोय: “१जी ते ५जी सगळं एकच आहे. कंपन्या फक्त वेग वाढवतात आणि आकडा बदलतात. टॉवर तोच, लहरी त्याच. जुनं नेटवर्क बंद करतात तेही नवा फोन गळ्यात मारायला.” यात खऱ्याखोट्याची इतकी सरमिसळ आहे की एकेक वाक्य सुटं करूनच बघायला हवं.

“फक्त वेग वाढवतात.”
१९७९ मध्ये टोकियोत सुरू झालेल्या पहिल्या पिढीत, म्हणजे १जीत, वेगाचा प्रश्नच नव्हता, ती होती बोलण्यासाठी. आवाज अॅनालॉग रूपात हवेतून जायचा आणि रेडिओ स्कॅनर असलेला कुणीही तो ऐकू शकायचा. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये जीएसएम हे दुसऱ्या पिढीचं, म्हणजे २जी, नेटवर्क सुरू झालं, तेव्हा आवाज डिजिटल झाला आणि कूटबद्ध होऊन जाऊ लागला. एकाच वाहक लहरीवर वेळेचे आठ तुकडे पाडून आठ जणांना जागा मिळाली. एसएमएसही याच पिढीचा. संदेशाला जागा १४० बाइटची, म्हणून इंग्रजीत १६० अक्षरं बसतात आणि देवनागरीत फक्त ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटीही वेगवेगळी मोजली जाते.

पण २जीत एक मोठी उणीव राहिली. फोन आपली ओळख नेटवर्कला पटवतो, नेटवर्क मात्र स्वतःची ओळख फोनला पटवत नाही. त्यामुळे कुणी खोटा टॉवर उभा केला तर फोन बिनदिक्कत त्याला जोडला जातो. ३जीत ही पडताळणी दोन्ही बाजूंनी होऊ लागली. माझ्या मते वेगापेक्षा हा बदल कितीतरी मोलाचा होता, आणि या मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

४जी तर मुळातच निराळं. त्यात कॉलसाठी राखून ठेवलेली जुनी वाटच काढून टाकली, सगळं इंटरनेटसारखं पॅकेटांतून, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांतून, जातं. सुरुवातीच्या ४जी फोनवर कॉल आला की वरचं चिन्ह बदलून ३जी किंवा २जी व्हायचं, आठवतंय? बोलण्यासाठी फोनला खाली उतरावं लागायचं. व्होल्टी (४जीवरूनच कॉल करायची सोय) आल्यावर ती गरज संपली.

“आकडा बदलतात.”
इथे तक्रारीत तथ्य आहे. २००९ च्या अखेरीस स्टॉकहोम आणि ओस्लोत सुरू झालेलं एलटीई (आज ज्याला ४जी म्हणतात ते तंत्रज्ञान) आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ४जीच्या मूळ कसोटीत बसत नव्हतं. ‘४जी’ म्हणायची मोकळीक २०१० च्या डिसेंबरात मिळाली. आजही फोनवर ५जी दिसतं तेव्हा पुष्कळदा मागचा गाभा (टॉवरांच्या पाठीमागे सगळं हाताळणारं मुख्य नेटवर्क) ४जीचाच असतो आणि फक्त रेडिओचा भाग नवा असतो. नावं फुगवली जातात हे खरं. त्यावरून आतलं यंत्र बदललंच नाही, हे मात्र ठरत नाही.

“टॉवर तोच, लहरी त्याच.”
टॉवर तोच असेलही, पण वर बसवलेली उपकरणं बदलतात. लहरीही रेडिओच्याच. फरक पडतो तो त्यांवर माहिती कशी रचली जाते याने. रस्ता तेवढाच ठेवून वाहतुकीची शिस्त बदलली, तर किती गाड्या जातील? तसंच हे.

“नवा फोन गळ्यात मारायला.”
वर्णपट, म्हणजे मोबाइलसाठी मिळणारे रेडिओ लहरींचे पट्टे, मर्यादित आहे. तेवढ्याच पट्ट्यात ४जी कितीतरी जास्त माहिती वाहून नेतं, म्हणून जुन्या पिढीने अडवलेली जागा मोकळी करतात. पण याची झळ ज्यांना बसते त्यांची तक्रार मी खोटी म्हणणार नाही. चांगला चालणारा साधा फोन एका दिवसात मुका होतो. लिफ्टमधला आपत्कालीन फोन २जीवर असेल तर तोही. आणि व्होल्टी नसलेल्या ४जी फोनवर तर इंटरनेट चालू दिसतं आणि कॉल लागतच नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर व्होल्टी चालतं का, ते जुनं नेटवर्क बंद व्हायच्या आधी एकदा बघून घ्या.