उपग्रह असले तरी विमान हवंच
ढगांच्या अभ्यासासाठी ‘इतके उपग्रह असताना विमानं कशाला?’ हा एका लेखातला सवाल मला पटला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस हा हवामान उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून ढगाचा माथा किती थंड आहे ते दाखवतो. पण ढगाच्या पोटात थेंब केवढे झालेत, धूलिकण किती आहेत, हे नेमकं मोजायला आत शिरावं लागतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २००९ पासून ‘कायपीक्स’ या ढग आणि पावसाच्या प्रयोगात विमानाने तेच केलं. २०१८-१९ला आमच्या सोलापूर भागातही. भरून आलेलं आभाळ न बरसता पुढे सरकताना आम्ही सोलापूरकर लहानपणापासून बघतोय. त्याचं कारण कुणीतरी थेट ढगात जाऊन शोधलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.