सरपंचांसाठी पाणी तपासणीच्या पाच युक्त्या

सरपंच झालात, अभिनंदन. आता बोअरचं पाणी पिण्यालायक आहे की नाही, याची जबाबदारी तुमची. घाबरू नका. पाणी शुद्ध करायला खटाटोप लागतो; शुद्ध दाखवायला तपासणीची जागा तेवढी हुशारीने निवडावी लागते.

ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात जंतू मारणारा क्लोरीन उरलाय का ते पाहायची चाचणी, कायम टाकीखालच्या पहिल्या नळावर घ्या. क्लोरीन तिथे हमखास सापडतो, नळीतलं पाणी छान पिवळं होतं, फोटोही झकास येतो. नियम सांगतो की शेवटच्या नळालाही लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. पण शेवटचा नळ पार टोकाच्या वस्तीत. तिथे जाताना गटारातून गेलेली पाइपलाइन दिसते, आणि एकदा दिसली की दुरुस्तीचा विषय निघतो. रजिस्टर महिनाअखेरीला एका बैठकीत भरून टाका. सगळीकडे 0.2 लिहू नका, मधूनच 0.3 येऊ द्या. आणि जूनला 31 तारीख नसते, एवढं सांभाळा.

टीसीएलची, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरची, गोणी उघडीच बरी. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. दमट हवा आणि ऊन लागलं की तो उडून जातो. पावडर मात्र दिसायला पांढरीच राहते. तिचा नमुना तपासायला पाठवू नका. पाण्यात पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकाला सांगा, माप तेच ठेव. क्लोरीन गेला कुठे असा प्रश्न कुणी केलाच, तर शेजारचं गंजलेलं लोखंडी कपाट दाखवा.

गाव पांढरकवडा किंवा किनवटकडचं असेल तर खरं कौशल्य फ्लोराइडला लागतं. त्याला ना रंग, ना वास. लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यायचं. त्यापुढे दात आणि हाडं बिघडतात. म्हणून ग्रामसभेत खिशातलं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारं यंत्र, काढा. आकडा 380 आला की टाळ्या घ्या. ते मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच पाहतं. फ्लोराइड वेगळं ओळखत नाही, जंतू तर नाहीच नाही. पण आकडा पडद्यावर उमटला की माणसं गप्प बसतात. तरी कुणी कुरकुरलं तर म्हणा, उकळून प्या. जंतू मरतील. फ्लोराइड तसंच राहील, उलट पाणी आटल्यामुळे लिटरमागे थोडं वाढेलच. शाळेतल्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसले तर मास्तरांना बोल लावा, दात घासायला शिकवत नाहीत म्हणून.

फ्लोराइड काढणारा फिल्टर बसवलाच, तर पाणी उद्घाटनाच्या दिवशी तपासा आणि थांबा. आतली फ्लोराइड धरून ठेवणारी ॲल्युमिना कधीतरी भरते, मग फ्लोराइड सरळ पलीकडे निघून येतं. फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी मोजत राहिलात तर तो दिवस कळेल, आणि ॲल्युमिना ताजी करण्याचा खर्च तुमच्या गळ्यात पडेल.

राहता राहिलं जलजीवन मिशनचं तपासणी किट. ते चालवायला गावातल्या पाच बायकांना शिकवायचं असतं. शिकवा, प्रमाणपत्रं द्या, पण किट कुलपात ठेवा. त्या बायका नेमक्या शेवटच्या नळावर जाऊन मोजतील, कारण त्यांतल्या दोघी-तिघी तिथेच पाणी भरतात. रसायनांची मुदत संपली की किल्ली द्यायला हरकत नाही.