घमेलं चालतं, मग थापी का नाही?

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. 'मुलींना सिव्हिल इंजिनिअरिंगला घालू नका. काम अंगमेहनतीचं, साइटवर बाईमाणूस सुरक्षित नाही, कोकणात चार महिने पावसात सगळं बंद, आणि अशा मुलीचं लग्नही जमत नाही.' खाली हात जोडलेले. पाठवणारे काका बहुतेक चांगल्या मनाचे असतात, म्हणून मुद्द्यांवरच बोलते.

आधी अंगमेहनत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुठल्याही चालू बांधकामावर जाऊन बघा. भिंतीवर थापी चालवतो तो गवंडी, आणि मालाचं घमेलं डोक्यावर घेऊन परांचीवर चढते ती बाई. आषाढात गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून लावणी करते तीही बाईच. तेव्हा कुणाला तिच्या कमरेची काळजी वाटत नाही. ओझं तिचं, ओळंबा, थापी आणि मिस्त्रीची मजुरी त्याची. समान वेतनाचा नियम १९७६ पासून कायद्यात आहे, पण तो सारख्या कामाला सारखा दाम मागतो. कामच वेगळं ठेवलं की दाम आपोआप कमी!

शिवाय मुलींनी जे शिकावं म्हणते, त्यात ताकदीपेक्षा नजर लागते. समुद्राकाठचा स्लॅब घ्या. खाऱ्या हवेतला क्षार आत सळईपर्यंत पोचला की सळई गंजून फुगते आणि खालचं काँक्रीट पोपडे धरून गळायला लागतं. म्हणून आयएस ४५६ हे मानक किनाऱ्यावरच्या बांधकामाला किमान एम-३० दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, मागतं. प्रत्यक्षात स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी सळयांच्या जाळीखाली तिला उचलून धरणाऱ्या कव्हर ब्लॉकच्या जागी खडीचे तुकडे सरकवलेले असतात, आणि माणसं जाळीवरून चालली की तेही निसटतात. तिथे वाकून टेप लावायची आणि 'जाळी उचला, ब्लॉक घाला, मगच माल ओता' असं ठणकावून सांगायचं. माल आला की स्लंप, म्हणजे तो किती पातळ आहे ते बघायचं, त्याच मालाचे १५ सेंटिमीटरचे क्यूब भरायचे, २८ दिवसांनी दाबून तपासायला पाठवायचे. एक क्यूब आठेक किलोचा. विहिरीवरून आणलेला भरला हंडा याहून जड असतो.

सुरक्षिततेचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. संडास नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणारी मुलगी मी पाहिली आहे. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने मोठ्या कामांवर संडास-मुताऱ्या सक्तीच्या केल्या होत्या. पन्नासहून जास्त बायका असतील तर पाळणाघरही. गावातल्या घरबांधणीला मात्र तो बहुधा लागत नव्हता, आणि घमेलं उचलणाऱ्या काकी तो त्रास रोज काढतात. त्यांच्यासाठी कुणी मेसेज फिरवलेला दिसला नाही. सिमेंट ठेवायला खोपटं पहिल्याच दिवशी उभं राहतं ना? मग त्याच पत्र्यांत शेजारी संडासही होईल. घरमालकाने ठेकेदाराला तशी अट घालावी, एवढंच.

लग्नाचं म्हणाल, तर शकुंतला भगत १९५३ मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या आणि पुढे नवऱ्याच्याच जोडीने त्यांनी पोलादी पुलांची नवी पद्धत काढली. त्या पद्धतीचा पहिला पूल १९७२ मध्ये हिमाचलातल्या स्पीतीत उभा राहिला. पुढचा मुद्दा!

पावसात पाया आणि स्लॅब अडतात, खरं आहे. पण छप्पर पडलेल्या घरात गिलावा, लाद्या, वायरिंग तेव्हाच उरकतात. नकाशे, अंदाजपत्रकं, मोजमापं तर बाराही महिने. त्यात आपला घरमालक निम्म्या वेळा मुंबईत. गणपतीला येतो, जागा दाखवतो, मे महिन्यात गृहप्रवेश हवा म्हणतो आणि परत जातो. मधल्या काळात काय झालं, किती झालं, बिलात किती ब्रास वाळू जास्त लावली, हे मोजून फोटोसकट कळवणारं माणूस त्याला गावातच हवं असतं. आज ते काम एखादा चुलतभाऊ करतो, ज्याला ब्रास म्हणजे शंभर घनफूट हेही ठाऊक नसतं.

रत्नागिरी आणि मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनांत दहावीनंतर स्थापत्य (सिव्हिल) पदविका तीन वर्षांची आहे. आयटीआयमधला ड्राफ्ट्समन सिव्हिल, म्हणजे बांधकामाचे नकाशे काढायचा कोर्स, दोन वर्षांचा, आणि तिथे मुलींना ३० टक्के जागा राखीव असतात. तो मेसेज पुढे ढकलण्याआधी काकांनी घरातल्या मुलीला निदान हे तरी कळवावं.